प्राण्यांच्या चाव्याच्या जखमांतील जिवाणूंचे जिनोम सिक्वेन्सिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कुत्रा, मांजर, उंदीर, माकड किंवा रानडुक्कर चावल्याचे रुग्ण गावच्या आरोग्य केंद्रापासून संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयापर्यंत सगळीकडे येत असतात. अशा जखमांतून मिळणाऱ्या जिवाणूंच्या तपासणीचे काम करताना रुग्णांचे नातेवाईक, ग्रामीण भागातील डॉक्टर, पशुवैद्यक आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेवढे सांगितल्याशिवाय गैरसमज राहून जातो.

कुत्रा चावल्यावर या तपासणीची वाट पाहावी का?

मुळीच पाहू नये. चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. चामडीत टोचायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही जुनी भीती अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. ती पद्धत केव्हाच बंद झाली आहे. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीसोबत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडे) जखमेत व तिच्या भोवती टोचावे लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

येथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगितली पाहिजे. रेबीज हा विषाणूमुळे होणारा रोग आहे, त्या विषाणूचा जिनोम आरएनएचा असतो, आणि जिवाणूंच्या डीएनएवर केलेल्या तपासणीत तो दिसत नाही. त्यामुळे आमच्या अहवालात काहीही लिहिलेले असो, त्यावरून 'कुत्रा पिसाळलेला नव्हता' असा अर्थ कोणीही काढू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून लसीचा एकही दिवस चुकवता कामा नये.

जिनोम सिक्वेन्सिंग म्हणजे नेमके काय?

कोविडच्या काळात हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. तेव्हा तो विषाणूबद्दल होता, येथे जिवाणूबद्दल आहे. जिवाणूच्या पेशीत डीएनएची एक लांब साखळी असते आणि ती ए, टी, जी, सी या चार अक्षरांनी लिहिलेली असते. ही साखळी, म्हणजेच जिनोम, आरंभापासून अखेरपर्यंत कोणत्या क्रमाने लिहिली आहे हे वाचून काढणे म्हणजे जिनोम सिक्वेन्सिंग. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवाणूचा पूर्ण जिनोम पहिल्यांदा १९९५ साली वाचला गेला. तो हीमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूचा होता आणि त्यात १८,३०,१३७ अक्षरे होती. कुत्र्या-मांजरांच्या चाव्यात सर्वाधिक भेटणारा पाश्चुरेला हा त्याच कुळातला. पाश्चुरेला मल्टोसिडाच्या पीएम-७० या वाणाचा जिनोम २००१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची लांबी २२,५७,४८७ अक्षरे भरली. तो वाण मात्र कोंबड्यांच्या रोगातून मिळालेला होता, चाव्याच्या जखमेतून नव्हे.

पाश्चुरेला हे नाव लुई पाश्चर यांच्यावरून आले आहे. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा हाच जिवाणू दुबळा करून त्यांनी १८८० च्या सुमारास लस तयार केली, आणि १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला रेबीजची लस दिली. चाव्याच्या जखमेतले दोन्ही प्रश्न, विषाणूचा आणि जिवाणूचा, एकाच माणसाच्या हातून गेलेले आहेत, हे विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सांगतो.

चाव्याच्या जखमेत कोणते जिवाणू सापडतात?

जखमेत तीन ठिकाणांहून जिवाणू येतात : प्राण्याच्या तोंडातून, माणसाच्या स्वतःच्या त्वचेवरून, आणि माती-शेणासारख्या सभोवतालच्या गोष्टींतून. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिकलेल्या १०७ जखमा तपासल्या होत्या, ५० कुत्र्याच्या आणि ५७ मांजराच्या. पाश्चुरेला कुत्र्याच्या निम्म्या जखमांत आणि मांजराच्या ७५ टक्के जखमांत सापडला, आणि एकेका जखमेतून साधारण पाच प्रकारचे जिवाणू मिळाले. म्हणजे या जखमा एका जिवाणूच्या नसतात, तेथे मेळाच भरलेला असतो. पाश्चुरेलाबरोबर स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, नायसेरिया, कॅप्नोसायटोफॅगा, आणि हवेशिवाय वाढणारे फ्युसोबॅक्टेरियम, पॉर्फायरोमोनास, बॅक्टेरॉइड्स असे पुष्कळ असतात.

मांजराचा चावा दिसायला लहान असतो, म्हणून लोक तो अंगावर काढतात. वास्तविक मांजराचे दात सुईसारखे बारीक आणि अणकुचीदार असतात. ते बोटाच्या सांध्यापर्यंत किंवा स्नायुबंधाच्या आवरणापर्यंत जिवाणू पोहोचवतात आणि वरचे भोक मिटून जाते. रात्री मांजर चावलेला हात सकाळी ठणकू लागला, लाल होऊन सुजला, की आमच्या मनात पहिले नाव पाश्चुरेलाचेच येते. हाताला चावा असेल तर काखेत आणि पायाला असेल तर जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे 'अवधाण आले' म्हणतात. अवधाण आल्यावर घरी थांबू नये.

हे सगळे नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढवून, कळत नाही का?

पुष्कळसे कळते, आणि कल्चर नीट केले तर जिनोमपर्यंत जाण्याची गरज अनेकदा उरत नाही. अडचण कल्चर करण्याच्या पद्धतीत आहे. पाश्चुरेला रक्त घातलेल्या माध्यमावर उत्तम वाढतो, पण प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मॅकॉन्की माध्यमावर वाढत नाही. दोन्ही प्लेटा शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक डोळ्यांत भरतो : मेंढीच्या रक्ताच्या लाल माध्यमावर एका रात्रीत करड्या, गुळगुळीत, मोहरीहून बारीक वसाहती दाटलेल्या असतात, आणि मॅकॉन्कीची प्लेट टाकल्या दिवसासारखी कोरी असते. ज्या प्रयोगशाळेने फक्त दुसरी प्लेट टाकली, तिचा अहवाल 'वाढ नाही' असा येणार, आणि रुग्णाच्या हातात तर पू असणार.

दुसरी अडचण ओळखीची आहे. कुत्र्याच्या त्वचेवर व तोंडात राहणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा कोअॅग्युलेज चाचणीत (जिवाणू रक्तद्रव गोठवतो का हे पाहणारी चाचणी) माणसाच्या स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखाच वागतो, त्यामुळे तो ऑरियस म्हणून नोंदला जातो. ही जात स्वतंत्र म्हणून मांडली गेली तीच २००५ साली. जिनोम वाचला की असा घोळ राहत नाही. दोन जिवाणूंचे जिनोम सरासरी ९५-९६ टक्क्यांहून अधिक जुळत असतील, तर ते एकाच जातीचे मानतात. केवळ १६-एस या एका जनुकाची साधारण १५०० अक्षरे वाचूनही कूळ आणि गट कळतो, पण जवळच्या जातींत तो निवाडा अपुरा पडतो आणि औषधांबद्दल तर त्यातून काहीच कळत नाही.

घटसर्पाचा आणि चाव्याच्या जखमेचा संबंध आहे असे ऐकले. खरे आहे का?

हा प्रश्न शेतकरी विचारतात आणि तो फार चांगला प्रश्न आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गायी-म्हशींना टोचली जाणारी घटसर्पाची लस ज्या जिवाणूविरुद्ध असते, तो पाश्चुरेला मल्टोसिडाच आहे. गळ्याला सूज, घशात घरघर, आणि पाहता पाहता जनावर दगावणे, हा अनुभव मराठवाड्यातील ज्या घरात जनावरे आहेत तेथे कोणाला तरी आलेला असतो. मात्र जात एक असली तरी वंश वेगवेगळे आहेत. आशियात घटसर्प घडवणारा वाण बी-२ या प्रकारचा असतो. कुत्र्या-मांजरांच्या तोंडातून माणसाच्या जखमेत येणारे वाण बहुधा वेगळ्या वंशाचे असतात. त्यामुळे मांजर चावले म्हणून गोठ्यात घटसर्प येईल, किंवा गोठ्यात घटसर्प आला म्हणून मांजराचा चावा अधिक घातक ठरेल, असे समजण्याचे कारण नाही.

हा फरक मुख्यतः जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात आणि त्याच्या जोडीच्या जनुकांत असतो. ए प्रकारच्या वाणाचे आवरण हायल्युरॉनिक आम्लाचे असते, जे आपल्या शरीरातही असते. त्यामुळे आपली प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून सहज ओळखत नाही. आवरणाचा प्रकार ठरवणारी जनुके जिनोममध्ये थेट वाचता येतात, त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागत नाही.

शब्दाबद्दलही सावध राहावे. मराठीत लहान मुलांच्या डिप्थेरियालाही घटसर्पच म्हणतात, पण त्याचा जिवाणू कोरिनेबॅक्टेरियम हा पूर्णपणे निराळा आहे. अर्जावर नुसते 'घटसर्प' लिहिले, तर माणसाचा की जनावराचा हे लिहायला विसरू नये.

नमुना कसा आणि कधी घ्यावा?

सगळ्या कामात हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे बिघडलेले पुढे कोणतेही महागडे यंत्र दुरुस्त करू शकत नाही. नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावा. ताजी, न पिकलेली जखम कल्चरसाठी फारशी उपयोगी नसते. तिला धुणे हेच काम. जखम पिकली असेल, तर वरचा सुकलेला पू आणि खपली सलाईनने स्वच्छ करून आतला पू सिरिंजमध्ये ओढून घ्यावा, कारण हवेशिवाय वाढणारे जिवाणू उघड्या स्वॅबवर मरून जातात. सिरिंज शक्य नसेल तरच स्वॅब, आणि तो कोरडा न पाठवता वाहतूक-माध्यमात बुडवून पाठवावा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. एसटीच्या टपावर किंवा बंद गाडीत चार तास राहिलेला नमुना ओव्हनमध्ये ठेवल्यासारखाच असतो. तो सावलीत, थंड डब्यात, त्याच दिवशी पोहोचवावा.

एक नमुना आम्ही विसरू शकत नाही. शेतात राहणाऱ्या एका बाईंच्या अंगठ्याला मांजर चावले होते आणि स्वॅब आमच्याकडे चौथ्या दिवशी आला. नळीचे झाकण उघडले, तर कापसाचा बोळा पिवळट-तांबडा रंगलेला होता : घरच्यांनी हळद आणि लाल तिखट भरले होते आणि मधल्या काळात एका दवाखान्यातून दोन दिवसांच्या गोळ्याही झाल्या होत्या. कल्चरमध्ये काहीच वाढले नाही. बाईंचा अंगठा मात्र वाकत नव्हता. त्या घराने जे हाताशी होते ते काळजीपोटी केले, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण जखमेत तिखट, चुना, हळद, रुईचा चीक यांपैकी काहीही भरू नये, हे गावागावांत सांगितले गेले पाहिजे.

प्रयोगशाळेत पुढे काय होते?

प्रथम एकच वसाहत उचलून तिचे शुद्ध कल्चर वाढवतात. मिसळलेल्या वसाहतीचा जिनोम वाचला, तर दोन जिवाणूंची जनुके एकाच्या नावावर चढतात आणि अहवाल चुकतो. मग पेशी फोडून डीएनए वेगळा करतात, प्रथिने काढून टाकतात आणि अल्कोहोल मिसळतात. पुरेसा डीएनए असेल तर नळीत पांढऱ्या सुतासारखा धागा तरंगताना डोळ्यांनी दिसतो. ज्या विद्यार्थ्याला तो पहिल्यांदा दिसतो, तो बराच वेळ नळी उजेडासमोर धरून उभा राहतो.

यानंतर यंत्राची निवड येते. इल्युमिना पद्धतीत डीएनएचे लहान तुकडे करून त्यांना ठरावीक टोके जोडतात, आणि एकेक अक्षर जोडले जाताना पडणाऱ्या रंगीत प्रकाशावरून १५० ते ३०० अक्षरांचे तुकडे फार अचूक वाचले जातात. नॅनोपोअर पद्धतीत डीएनएची साखळी एका अतिसूक्ष्म छिद्रातून सरकते आणि त्या वेळी बदलणाऱ्या विद्युतप्रवाहावरून अक्षरे ओळखली जातात. येथे हजारो अक्षरांचे सलग तुकडे मिळतात आणि यंत्र हातात मावण्याएवढेही असते.

तुकडे जोडण्याचे काम असे समजावे : एका पोथीच्या पन्नास प्रती फाडून त्यांच्या चिंध्या एकत्र केल्या आहेत, आणि एका चिंधीचा शेवट दुसरीच्या आरंभाशी जुळवत मूळ पोथी पुन्हा लावायची आहे. पाश्चुरेलाचा जिनोम पन्नास वेळा वाचायचा म्हटला, तर सुमारे ११ कोटी अक्षरे यंत्रातून बाहेर यावी लागतात. पोथीत एकच ध्रुवपद अनेक ठिकाणी आले असेल आणि चिंध्या ध्रुवपदापेक्षा आखूड असतील, तर कोणते कडवे कोणत्या जागचे हे ठरत नाही. जिवाणूच्या जिनोममध्ये रायबोसोमची सुमारे पाच हजार अक्षरांची जनुके अशीच अनेक ठिकाणी येतात, म्हणून लहान तुकड्यांची जोडणी तेथे तुटते आणि लांब तुकड्यांनी ती सांधावी लागते.

प्रत्येक खेपेत नमुना न घातलेली एक कोरी नळीही शेवटपर्यंत चालवावी. तिच्यात जिवाणू 'सापडला', तर तो रसायनांतून आला आहे. ही नळी वाचवून पैसे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा.

अहवालावरून कोणते औषध द्यायचे हे ठरते का?

त्याने मदत होते, पण एकट्या जिनोमवर ठरवू नये. पेनिसिलिन गटाच्या औषधांना निकामी करणारे रॉब-१ हे जनुक पाश्चुरेलात आढळलेले आहे, टेट्रासायक्लिनविरोधी टेट-एच हेही आढळलेले आहे, आणि स्टॅफिलोकॉकसमधील मेक-ए हे जनुक दिसले तर मेथिसिलिनला दाद न देणारा जिवाणू समोर आहे असे धरतात. ही जनुके जाहीर माहितीसाठ्यांशी ताडून काही मिनिटांत शोधता येतात. परंतु जनुक असणे आणि ते जागे असणे यांत फरक आहे. उलट, ज्ञात यादीत नसलेल्या एखाद्या बदलामुळेही जिवाणू औषधाला जुमानत नाही. म्हणून प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवून केलेली तपासणी जिनोमच्या जोडीला हवीच. पाश्चुरेलासाठी ती तपासणी कोणत्या निकषांनी वाचायची हे प्रयोगशाळांसाठी निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या एम-४५ या मार्गदर्शिकेत दिलेले आहे.

एक व्यावहारिक बाब येथेच सांगतो. त्वचेच्या जखमेला सर्रास लिहून दिले जाणारे सेफॅलेक्सिन, तसेच एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन पाश्चुरेलावर नीट चालत नाहीत. चाव्याच्या जखमेसाठी अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते, कारण ते पाश्चुरेला, स्टॅफिलोकॉकस आणि हवेशिवाय वाढणारे अशा तिन्ही गटांना पोहोचते. औषध, मात्रा आणि ॲलर्जीचा विचार हा डॉक्टरांचाच विषय आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

कॅप्नोसायटोफॅगाबद्दल एवढी भीती का सांगितली जाते?

कारण तो निरोगी कुत्र्याच्या तोंडात शांतपणे राहतो, बहुतेक माणसांना काहीही करत नाही, आणि क्वचित एखाद्याला काही दिवसांत मरणाच्या दारात नेतो. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, ज्यांना दारूचे व्यसन किंवा यकृताचा आजार आहे, त्यांना धोका सर्वाधिक. कित्येकदा चावा इतका किरकोळ असतो की रुग्ण तो सांगायलाच विसरतो. ताप, रक्तदाब घसरणे आणि अंगावर जांभळे चट्टे एवढेच समोर येते. अशा वेळी 'घरी कुत्रा आहे का, चाटतो का' हा प्रश्न विचारणारा डॉक्टर रुग्णाला वाचवू शकतो.

हा जिवाणू फार सावकाश वाढतो, त्याला कार्बन डायऑक्साइड आणि सकस माध्यम लागते, आणि दोन दिवसांत प्लेट फेकून देणाऱ्या प्रयोगशाळेला तो कधीच भेटत नाही. या रोगाचे वर्णन १९७६ साली झाले, तरी जिवाणूला कॅनिमॉर्सस हे नाव १९८९ साली मिळाले. नावाचा अर्थच 'कुत्र्याचा चावा'. त्याच्या सीसी-५ या वाणाच्या जिनोममध्ये सुमारे २५.७ लाख अक्षरे आहेत. आवरणाच्या अभ्यासातून असे दिसले आहे की माणसांना आजारी पाडणारे बहुतेक वाण ए, बी, सी या मोजक्या आवरण-प्रकारांचे असतात, आणि कुत्र्यांच्या तोंडात मात्र ते प्रकार क्वचित आढळतात. आमच्या मते या सर्व क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा धागा आहे, कारण कोणत्या कुत्र्याच्या तोंडात घातक वाण आहे, हे निदान तत्त्वतः ओळखता येईल अशी वाट त्याने दाखवली.

शेतावर झोपलेल्या माणसाला उंदीर चावला तर?

आखाड्यावर जमिनीला पाठ टेकून झोपणारे सालगडी, धान्याच्या पोत्यांशेजारी झोपणारी मुले, आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेले वृद्ध यांना उंदीर रात्री बोटे कुरतडतो तेव्हा कळतही नाही. जखम भरून येते, आणि साधारण आठवडाभरात थंडी वाजून ताप, सांधेदुखी व तळहात-तळपायांवर पुरळ येते. याला उंदीर-चाव्याचा ताप म्हणतात. स्ट्रेप्टोबॅसिलस मॉनिलिफॉर्मिस हा त्याचा एक जिवाणू असून त्याचा जिनोम अवघा १६.६ लाख अक्षरांचा आहे. रक्ताच्या कल्चर-बाटलीत गोठण थांबवण्यासाठी जे रसायन घातलेले असते, तेच त्याची वाढ रोखते, त्यामुळे त्याचे निदान हमखास हुकते. याच तापाचा आशियात आढळणारा दुसरा जिवाणू, स्पिरिलम मायनस, कृत्रिम माध्यमावर वाढतच नाही. येथे डीएनएवर आधारित तपासणी खरोखर उपयोगी पडते. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो, ही त्यातली दिलासा देणारी बाब.

कल्चर न करता थेट पुवातून जिनोम वाचता येतो का?

वाचता येतो, पण पुवातला बहुतांश डीएनए माणसाच्या स्वतःच्या पेशींचा असतो, आणि जिवाणूंचा वाटा थोडा. न वाढणारे जिवाणूही त्यात दिसतात हा फायदा; मेलेले जिवाणूही दिसतात आणि प्रतिरोधक जनुक नेमके कोणाचे हे ठरत नाही, हा तोटा. शिवाय रुग्णाचा डीएनए वाचला जात असल्याने गोपनीयतेचा प्रश्न उभा राहतो. जिवाणूंची माहिती जाहीर साठ्यात ठेवण्यापूर्वी माणसाची सर्व अक्षरे गाळून टाकावीच लागतात.

ज्या कुत्र्याने चावा घेतला त्याच्याकडूनच जिवाणू आला, हे सिद्ध होते का?

जखमेतला जिवाणू आणि कुत्र्याच्या तोंडातला जिवाणू यांच्या लाखो अक्षरांत मोजकेच फरक निघाले, तर ते एकाच वंशवेलीचे आहेत असे ठामपणे म्हणता येते. याउलट फरक पुष्कळ निघाले म्हणून कुत्रा सुटला असे होत नाही, कारण एकाच तोंडात एका जातीचे अनेक वाण असू शकतात आणि स्वॅबवर भलताच आलेला असू शकतो. एकत्र वाढलेल्या कुत्र्यांमध्ये समान वाण असणेही शक्य आहे. गावात भांडण लागले की हा प्रश्न हमखास येतो. आमचे उत्तर नेहमी हेच असते.

मोकाट कुत्र्याला पकडून स्वॅब घेण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. कुत्रा ओळखीचा असेल, तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे, पण लस त्यासाठी थांबवू नये. पाळीव प्राण्याचा नमुना पशुवैद्यकानेच घ्यावा. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, शेजारीच माणसांची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण माणसाची जखम एका इमारतीत आणि कुत्र्याचे तोंड दुसऱ्या इमारतीत तपासले जाते आणि दोन्ही कागद एकमेकांना भेटत नाहीत. जिनोमची तुलना दोन बाजू समोर असल्याशिवाय होऊच शकत नाही, म्हणून हे अंतर आम्हाला फार खुपते.

ऊसतोड कामगारांबद्दल वेगळा विचार करावा लागतो का?

करावा लागतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेल्या टोळ्या सहा-सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत राहतात, आणि कुत्री, बैल, मुले सगळी एकत्र असतात. चावा एका जिल्ह्यात, लसीचा पहिला डोस दुसऱ्या जिल्ह्यात, आणि पिकलेली जखम घेऊन माणूस गावी तिसऱ्याच दवाखान्यात, असे होते. अशा जखमेतल्या जिवाणूने वाटेत दोन-तीन औषधे पचवलेली असतात. लसीचे कार्ड आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवावीत. त्या पाकिटांवरून आम्हाला जेवढे कळते तेवढे तोंडी चौकशीतून कळत नाही.

अहवाल किती दिवसांत मिळतो?

वाढ होण्यास दोन-तीन दिवस, डीएनए आणि तुकड्यांच्या तयारीस एक-दोन दिवस, यंत्रावर काही तासांपासून दोन-तीन दिवस, आणि मग विश्लेषण. नमुने पुरेसे जमेपर्यंत खेप लावता येत नाही, त्यामुळे आठवडा सहज ओलांडतो. तोवर रुग्णाचा उपचार संपत आलेला असतो. म्हणूनच या तपासणीचा लाभ आज चावलेल्या रुग्णापेक्षा त्याच्या मागून येणाऱ्यांना अधिक होतो, आणि संमती घेताना ही गोष्ट न लपवता सांगावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घ्यायची असते. आमच्याकडे ती मराठीत, आणि गरज पडल्यास दख्खनी किंवा बंजारा बोलीत समजावून घेतली जाते.

नमुन्यासोबत काय लिहून पाठवावे?

प्राणी कोणता, पाळीव की मोकाट, चावा की ओरखडा, शरीराच्या कोणत्या भागावर, चावल्याची तारीख आणि वेळ, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, आधी घेतलेली औषधे, मधुमेह, यकृताचा आजार किंवा प्लीहा काढलेली असल्यास तसे, आणि लसीचे किती डोस झाले. जखमेवर घरी काय लावले होते, हा रकाना बहुतेक वेळा कोरा येतो, कारण विचारणाऱ्याचा सूर रागावल्यासारखा असतो आणि सांगणारा ओशाळतो. 'काही लावलं का हो, मावशी?' असे शांतपणे विचारले, की मिळालेले उत्तर त्याच शब्दांत त्या रकान्यात लिहावे.